तीन पंचेचाळीसची काठी

अल्डर, युटा
१४ सप्टेंबर २०२५, रविवार

ट्वायला,

थेन उद्या सकाळी गवताचे गठ्ठे घेऊन तुझ्या एल्कोला निघतोय. ट्रकमध्ये त्याच्या शेजारच्या सीटवर पाकातल्या पीचच्या बारा बाटल्या ठेवल्या आहेत, टॉवेलात गुंडाळून. या वर्षी पीच चांगले आलेत, साखर कमी घातली आहे. बाटल्या परत पाठव. टॉवेलही.

हे माफीचं पत्र नाही. आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे तू ओळीओळीत शोधत बसणार नाहीस. तीन महिने तू सख्ख्या बहिणीचा फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेऊन बसले. थेन म्हणाला, "फोनवर तू समोरच्याला श्वाससुद्धा घेऊ देत नाहीस. पत्र बरं. निदान तिला मध्येच उठून जाता येईल." एकतीस वर्षांच्या संसारानंतर माझ्या नवऱ्याचं माझ्याबद्दल हे मत.

तर मुद्द्याचं. मी पेसर आहे. मॅरेथॉनच्या घोळक्यात वेळेचा फलक लावलेली काठी धरून पळणारी बाई. माझ्या फलकावर ३:४५ लिहिलेलं असतं. ज्यांना तीन तास पंचेचाळीस मिनिटांत पोचायचंय त्यांनी माझ्यामागे यायचं, आणि मी त्या वेळेला शर्यतीच्या शेवटच्या दारात असायचं. अकरा वर्षं अल्डर घाट उतरतेय, चाळीस सेकंदांच्या वर कधी चुकले नाही. आणि काठीवाली कुणासाठी थांबत नाही, हा नियम मी काढलेला नाही. एक मागे राहिला म्हणून काठी थांबली तर बाकीच्यांचं काय? शर्यतीच्या आदल्या दिवशी आयोजक ग्रँटने हे सगळ्यांना सांगितलं होतं. तू दुसऱ्या रांगेत बसली होतीस, संत्रं सोलत.

एकोणिसाव्या मैलावर घाट संपतो तिथे तुझ्या मांड्या गेल्या. तू रस्त्याकडेच्या पांढऱ्या पट्टीवर बसलीस आणि मी पुढे गेले. मी तीन चव्वेचाळीस शेहेचाळीसला पोचले, चौदा सेकंद आधी. तू चार तास सहा मिनिटांनी आलीस.

बोस्टन मॅरेथॉनला जायला तुझ्या वयाच्या बाईला तीन पन्नासच्या आतली वेळ लागते, आणि या जूनमधली उताराची वेळ बोस्टनवाले जशीच्या तशी धरणार होते. आता अशा शर्यतीच्या वेळेत पाच मिनिटं वाढवून धरतात. म्हणजे तुझ्यासाठी ती शेवटची सोपी संधी होती. हे मला माहीत नव्हतं असं नाही.

एक मान्य करते. नंतर बागेतल्या जेवणात, सगळ्या भावकीसमोर, "एप्रिलपासून उतारावर सराव केला असतास तर ही पाळी आली नसती" असं मी बोलायला नको होतं. तू बटाट्यांची ताटली तशीच टेबलावर ठेवून गाडीत जाऊन बसलीस. आम्हाला वाटलं मोजे बदलायला गेली.

एवढंच. झाकणं नीट बसली आहेत, वर्षभर टिकतील.

मार्व्हा


२ नोव्हेंबर २०२५, रविवार

ट्वायला,

बाटल्या पोचल्या. बाराच्या बारा, धुऊन, पुसून, उन्हात वाळवून. टॉवेल घडी करून. चिठ्ठी नाही. मी प्रत्येक बाटलीत डोकावून पाहिलं. थेन म्हणाला, "काचेच्या बाटलीत बाहेरून दिसतं, मार्व्हा."

त्याला विचारलं, कशी दिसली. म्हणाला, "बरी आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात आता तीच मुख्य. मला दोन वेळा वाढलं." काही बोलली? "म्हणाली, पीच चांगले आहेत." आणखी? "म्हणाली, साखर कमी आहे."

आपल्या गावात कुणी भांडं रिकामं परत करत नाही, हे तू विसरली नसणार. मुद्दाम केलंस. कळलं मला.

आज चर्चमध्ये जॅकसनांची मुलगी धर्मप्रचाराच्या मिशनहून परत आल्याबद्दल बोलायला उभी राहिली. दीड वर्ष पेरू देशात होती. शुक्रवारी विमानतळावर तिच्या घरचे पंचवीस जण फुगे आणि चादरीएवढा फलक घेऊन गेले होते. मी ऐकत होते, पण डोळ्यांपुढे दुसराच विमानतळ होता. मार्च शहाण्णव. तूही दीड वर्षासाठीच गेली होतीस, बोस्टनला. चार महिन्यांत परत आलीस. तुझ्यासाठी फलक नव्हता, फुगे नव्हते. मी एकटी होते, आईबाबांना मीच येऊ दिलं नव्हतं. तू दारातून बाहेर आलीस ती छातीवरची नावाची काळी पाटी मुठीत धरून. मी तुझ्या गळ्यातही पडले नाही. बॅग उचलली आणि म्हटलं, "गाडीत बोलू."

गाडीत बोलले ते मीच. गावात काय सांगायचं ते मी जाताना वाटेतच ठरवून टाकलं होतं. मूत्रपिंडाचा आजार. तुला झोप येत नव्हती, तू रोज सकाळी न्हाणीघरात बसून रडत होतीस, हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मिशन अर्धवट टाकून आलेल्या मुलीकडे आपलं गाव कसं बघतं ते मला ठाऊक होतं. मला वाटलं मी तुला वाचवतेय. मग महिनाभर बायका औषध म्हणून क्रॅनबेरीचा रस घेऊन येत राहिल्या. अठरा बाटल्या झाल्या होत्या. तू तो आंबट रस त्यांच्यासमोर पीत होतीस आणि मी शेजारी बसून तुझी तब्येत सांगत होते.

तुला बोस्टनला पुन्हा का जायचं होतं हे घरात फक्त मला माहीत होतं. घटस्फोटानंतर तू पळायला लागलीस, आणि मला म्हणालीस, "मार्व्ही, मला तिथे एकदा स्वतःच्या पायांनी जायचंय. पळत. आणि शेवटपर्यंत." मार्व्ही म्हणणारी तू एकटीच उरलीस आता.

आणखी एक. एकोणिसाव्या मैलावर तू मला हाक मारलीस. "मार्व्ही" म्हणून. बागेत मी सगळ्यांना सांगितलं की वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही. सकाळी घाटात वारा वरून खाली वाहतो, पाठीकडून. त्याने तुझी हाक माझ्या कानात आणून सोडली.

मार्व्हा


२५ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

गुरुवारी थँक्सगिव्हिंगला जेवायला ये. चीज-बटाटे आहेत, आईची गाजर घातलेली हिरवी जेलीही करतेय, जी कुणीच खात नाही. तुझी खुर्ची ठेवलीय. घाटमाथ्यावर बर्फ आहे, पण रस्ता उघडा आहे, मी विचारलं.

मा.


८ फेब्रुवारी २०२६, रविवार

ट्वायला,

तू आली नाहीस. खुर्चीवर थेनच्या चुलतभावाने कोट टाकला. मी तो उचलून फेकला, सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आज जे लिहायचंय ते लिहायला मला आठ महिने लागले. मध्ये उठून जाऊ नकोस.

मंगळवारी डॉक्टरांनी माझ्या उजव्या खुब्याचं चित्र दाखवलं. म्हणाले, "हे आत्ताचं नाही. वर्षाहून जुनं दिसतंय. पडला होतात का?" थेन शेजारी होता. मी म्हटलं, आठवत नाही. बाहेर गाडीत बसल्यावर थेनने किल्ली लावलीच नाही. म्हणाला, "हा गेला नव्हे, त्याआधीचा डिसेंबर. मागचा दरवाजा. बर्फ काढताना. तू मला म्हणालीस, कोपर आपटलं."

मग मी त्याला सांगितलं. आता तुला सांगते.

पेसरला आपल्या फलकावरची वेळ हसतखेळत गाठता यायला हवी. अंगात पंधरा-वीस मिनिटं शिल्लक असायला हवीत. तरच दुसऱ्यांकडे लक्ष देता येतं. गेल्या वसंतात माझ्याकडे काहीच शिल्लक नव्हतं. सपाटीवर दहा मैल पळाले की खुबा जाम व्हायचा. मार्चमध्ये मी शेताच्या रस्त्यावर एकटी जाऊन बघितलं, तीन पंचेचाळीसचा वेग मला शेवटचे सात मैल काही केल्या झेपत नव्हता. ग्रँटला फोन करून काठी परत द्यायची, एवढं सोपं काम होतं. पण अकरावं वर्ष होतं. गाव मला नावाने कमी आणि काठीने जास्त ओळखतं. आणि तू येणार होतीस, माझ्यामागून पळायला. मला तू माझ्यामागून यायला हवी होतीस.

म्हणून मी शेवटच्या मैलांसाठी वरूनच वेळ काढून ठेवायचं ठरवलं.

आपलं ठरलं होतं, माथ्यावरचे पहिले सहा मैल साडेआठ मिनिटांचे. उतार कितीही ओढू दे, आठ-तीस. तुझ्या मनगटावरच्या पट्टीवर तसं मीच लिहिलं होतं. मी पळाले आठच्या वेगाने. सहा मैलांत तीन मिनिटं काढली. घाटात ते कळतही नाही, थंडी असते, पाय हलके, वारा पाठीशी, सगळे हसत असतात. आपल्या घोळक्यात त्या दोघी नर्सबाई गाणं म्हणत होत्या. पण उतारावर प्रत्येक पाऊल म्हणजे लगाम खेचणं असतं, आणि तो लगाम मांड्या खेचतात. त्या लगेच तक्रार करत नाहीत. दोन तासांनी करतात.

चौथ्या मैलावर तू माझ्या शेजारी येऊन म्हणालीस, "मार्व्ही, जरा जोरात नाही का होत?"

मी म्हटलं, "काठीकडे बघ, घड्याळाकडे नको."

तू मान हलवलीस आणि पुन्हा मागे गेलीस.

सोळा जण होते माझ्यामागे. एकोणिसाव्या मैलाला सहा उरले, आणि शेवटच्या दारातून मी गेले तेव्हा मागे कुणी नव्हतं. त्या सोळांतलं पुढेही कुणी गेलं नव्हतं. ग्रँट भोंग्यावर ओरडला, "लोकांनो, घड्याळ बिघडेल पण आपली मार्व्हा नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी काठी वर केली. खुबा इतका ठणकत होता की काठी टेकायला हवी होती, पण मी वर केली.

आणि नियम. तू हाक मारलीस तेव्हा मी थांबले नाही ते नियमासाठी नव्हे. मला पक्कं माहीत होतं की एकदा थांबले तर मला पुन्हा पळता येणार नाही. मग सगळ्यांना कळलं असतं. ते वाचवण्यासाठी मी तुला पट्टीवर बसलेली सोडून गेले, आणि वर चारचौघांत म्हटलं की तू सराव केला नाहीस. तू केला होतास. बारा आठवडे, दर शनिवारी, त्या वैराण डोंगरांमध्ये. थेनने तुला दोनदा रस्त्यावर पाहिलं होतं.

तुझे पाय कमी पडले नाहीत, ट्वायला. ते मी वापरून टाकले.

मला माफ कर असं लिहायला हात उचलत नाही. तेवढा हक्क मला उरलेला नाही असं वाटतं. पण वाईट वाटतं. रोज वाटतं. भांडी घासताना वाटतं.

मार्व्हा


१९ एप्रिल २०२६, रविवार

ट्वायला,

ग्रँटकडे जाऊन आले. काठी हातात घेऊनच गेले. तो आपल्या दुकानात खोगिरांना तेल लावत होता.

"बारावं वर्ष!" म्हणाला. "या वेळी तुझ्या काठीला रिबिनी लावतो."

"ग्रँट, आधी खाली बस."

"कोण गेलं?"

"कुणी नाही. बस."

सांगितलं त्याला सगळं. तो बराच वेळ त्याच एका खोगिरावरून फडकं फिरवत राहिला. मग म्हणाला, "सोळा जण होते, मार्व्हा. एक टेक्ससहून आला होता."

"माहीत आहे."

"मी भोंग्यावर काय काय ओरडलो."

"तेही माहीत आहे."

"आता काय करू? तुला ओरडू का?"

"ओरड."

"मला जमत नाही," म्हणाला, आणि काठी घेऊन कोपऱ्यात ठेवली. पण त्याने माझ्याकडे नीट पाहिलं नाही, आणि दारापर्यंत सोडायला आला नाही. एरवी येतो.

सोळाही जणांना पत्रं लिहिली. म्हणजे पंधरांना, तुला हे. नऊ जणांची उत्तरं आली. टेक्ससवाल्याने फक्त लिहिलं, "कळवल्याबद्दल आभार." दोघींपैकी एक नर्सबाई म्हणते, तिने त्या दिवसानंतर पळणंच सोडलं होतं, वय झालं असं समजून. आता कपाटातून बूट पुन्हा बाहेर काढलेत. तिचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या खेपेला जास्त टोचलं.

आणि तुझ्या बाटल्या. फेब्रुवारीत थेनबरोबर पाठवलेल्या सहा परत आल्या. या वेळी बाहेरूनच दिसलं, एकीत कागदाची पट्टी होती. मी झाकण उघडलं आणि तिथेच पायरीवर बसले. तुझी मनगटपट्टी. गेल्या वर्षीची, माझ्या अक्षरातली, घामाने शाई पसरलेली. माझ्या प्रत्येक आकड्याच्या शेजारी तुझ्या पेनाने दुसरा आकडा. आठ-तीसच्या शेजारी सात-अठ्ठावन्न. आठ-तीसच्या शेजारी आठ-एक. सहाही मैल तू घड्याळावरून उतरवून ठेवले होतेस.

म्हणजे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. बागेत मी सगळ्यांसमोर बोलले, तेव्हाही. तू ताटली ठेवलीस आणि गेलीस. एक शब्द बोलली असतीस तर माझी अकरा वर्षं त्या गवतावर पडली असती.

थेनला विचारलं. थेन म्हणाला, "मीही तिला तेच विचारलं. मग मागे का नाही राहिलीस, स्वतःच्या वेगाने का नाही पळालीस? तर म्हणाली, मला वाटलं मार्व्हीला काहीतरी माहीत असेल. तिला नेहमी माहीत असतं."

विमानतळावरून येतानाही तू असंच गप्प ऐकलं होतंस.

थेनने तुझी दुसरी बातमीही दिली. तेरा जूनला तू पुन्हा उतरणार आहेस. पाच मिनिटं वाढवून धरणार असतानाही. म्हणजे तीन पंचेचाळीसच्याही आत यायला हवं, आणि तू बावन्न वर्षांची. मी काही बोलणार नव्हते. पण मला ओळखतेस. चार गोष्टी सांगते, नको असतील तर पान फाड.

दर दहा दिवसांनी एकदा लांब उतार पळ, त्याहून जास्त नको. पहिल्यांदा मांड्या तीन दिवस दुखतील, जिना उलटा उतरावा लागेल. दुसऱ्यांदा कमी दुखतील. त्यांना लक्षात राहतं. शेवटचा उतार शर्यतीच्या अठरा दिवस आधी, मग बंद. पावलं लहान आणि भरभर ठेव, मागे रेलू नकोस. नखं चार दिवस आधी काप, आदल्या दिवशी नाही. माथ्यावर शेकोटीपाशी उभी राहताना जुना स्वेटर घाल, सुटताना टाकून दे. आणि पहिले सहा मैल, ट्वायला, कुणीही हसत गात पुढे गेलं तरी आठ-तीस. कुठल्याही काठीकडे बघू नकोस. घड्याळाकडे बघ.

मी एकोणिसाव्या मैलावर असेन, पाण्याच्या टेबलामागे. ग्रँटने तेवढं दिलं. तुला नको असेल तर थेनला सांग, मी घरी बसेन.

मार्व्हा


१४ जून २०२६, रविवार

प्रिय ट्वायला,

थेन उद्या निघेल. तू तुझ्या गाडीने काल संध्याकाळीच परत गेलीस म्हणून हे लिहावं लागतंय. आंघोळ तरी करून जायचीस. पण बरं, उद्या शाळेत मुलांचं उन्हाळी जेवण आहे, थेनने सांगितलं.

तू नको म्हणाली नाहीस, म्हणून मी गेले. सकाळी सहाला टेबल मांडलं. घड्याळ घरी ठेवून गेले होते. थेनने दारात विचारलं, "अगं, मनगट उघडंच?" मी म्हटलं, असू दे आज.

तू कठड्यावर पाहिलीस ती चादर पाहुण्यांच्या पलंगावरची आहे, निळ्या काठाची. शुक्रवारी दिवसभर जेवणाच्या टेबलावर पसरून रंगवली. अक्षरं वाकडी आली, 'स्वागत' काठाला जाऊन चिकटलं. थेन दोन काठ्या ठोकून देत होता. वाचून म्हणाला, "सिस्टर ऑलरेड? तिचं नाव बदलून पंचवीस वर्षं झाली."

"मिशनवर सगळे तिला सिस्टर ऑलरेडच म्हणायचे," मी म्हटलं. "छातीवरच्या पाटीवरही तेच होतं."

तो मग आत जाऊन फुगे फुगवायला बसला. त्याच्याच्याने सात झाले.

मी ती रस्त्याच्या कठड्याला बांधली, तू बसली होतीस बरोबर तिथे. "सिस्टर ऑलरेड, घरी स्वागत!" पहिले पळणारे आले तेव्हा मला लाजच वाटली. कुणाला काही कळेना. एक दाढीवाला ओरडला, "मीच ऑलरेड! काढा काय खायला केलंय ते!" सगळे हसले. मी संत्र्याच्या फोडी पुढे केल्या. तीन पंचेचाळीसची काठी गेली, एक सडपातळ बाई होती, तिच्यामागे चांगला घोळका होता, आणि ती दर थोड्या वेळाने मान वळवून बघत होती. मी कधीच बघितलं नाही.

तू त्या घोळक्यात नव्हतीस. तू मागे होतीस, एकटी, लहान लहान पावलं टाकत, खांदे सैल. मला लांबूनच कळलं, पाय शाबूत आहेत. आणि हेही कळलं की वेळ होत नाहीये. घड्याळ नव्हतं तरी कळलं. एवढी वर्षं काठी धरली, ते जात नाही.

तू आधी मला पाहिलंस. मग चादर पाहिलीस.

आणि थांबलीस. पाणी पिता पिता चालतात तशी नाही. पूर्ण थांबलीस, दोन्ही पाय टेकून, भर शर्यतीत, लोक बाजूने जात असताना. मी ओरडले, "थांबू नकोस! जा! वेळ चाललाय तुझा!" दुसरं काही सुचलंच नाही मला.

तू वाचत होतीस. घामाने डोळे चुरचुरत होते म्हणून असेल, बराच वेळ लावलास. मग म्हणालीस, "तीस वर्षं उशीर केलास, मार्व्ही."

पाण्याचा पेला मी धरला होता की तू, आता आठवत नाही. पाणी सांडलं दोघींच्या बुटांवर. तू माझ्या गळ्यात पडली नाहीस, मीही पडले नाही, आपल्याला ते कधी जमलं नाही. तू चादरीचा काठ दोन बोटांत धरलास, सोडलास, आणि पळायला लागलीस. मी दहा-बारा पावलं तुझ्याबरोबर आले. खुब्याने तिथेच अडवलं.

तीन एकोणपन्नास. मी बघणार नव्हते, पण ग्रँटने दुपारी स्वतः घरी येऊन सांगितलं. पाच धरून तीन चोपन्न. बोस्टन नाही. पुढच्या वर्षी तू त्रेपन्न, मग चोपन्न. गेल्या वर्षीचे पाय तुला मी परत देऊ शकत नाही. फलक रंगवून ते भरून निघत नाही, हे मला कळतं. तुला बोस्टनला पळत जायचं होतं आणि ते माझ्यामुळे राहिलं. हे असंच लिहून ठेवते, म्हणजे कधी कुणाला वेगळं सांगायचा मोह झाला तर तुझ्याकडे कागद असेल.

अकरा वर्षं मी चाळीस सेकंदांपलीकडे चुकले नाही असं गावाला ऐकवत आले. तू एका वाक्यात खरा उशीर सांगितलास, आणि तो सांगायला थांबलीस.

थेन चादर धुवायला टाकू म्हणत होता. मी घडी करून कपाटात ठेवली आहे. पीच सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होतील. या वेळी बाटल्या ट्रकमधून पाठवणार नाही. तू ये. मी दारात उभी राहीन, आणि आधी तू बोल.

तुझी,
मार्व्ही